गिऱ्हाइकाच्या पर्सवर वेटरने वाइन सांडली, तर बिल कोण भरणार?



या आठवड्याच्या व्हिडिओत एक प्रश्न विचारला होता. तुमच्या कॅफेत, सलूनमध्ये किंवा दुकानात कामाला असलेल्या मुलाच्या हातून गिऱ्हाइकाची महागडी पर्स खराब झाली, तर पैसे कोणी भरायचे? त्या मुलाने? तुम्ही? की भिंतीवरच्या "सामानाची जबाबदारी ग्राहकाची" या पाटीने?

व्हिडिओत वेळ कमी पडला. म्हणून इथे कायदा आणि हिशोब, दोन्ही नीट मांडते. मी वकील नाही, दुकानदार आहे. पण ही माहिती मला धंद्याच्या पहिल्या वर्षी कोणी दिली असती, तर माझ्या हातून एक चूक टळली असती. ती चूकही पुढे सांगते.

आधी एक गाजलेली केस बघू.

न्यू जर्सीतली गुलाबी पर्स

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात डेमारेस्ट नावाच्या गावात अल्पाइन कंट्री क्लब आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये तिथे जेवायला आलेल्या एका बाईंच्या पर्सवर वेटरच्या हातून रेड वाइन सांडली. पर्स होती हर्मीस कंपनीची गुलाबी 'केली' बॅग, नवऱ्याने तिसाव्या वाढदिवसाला दिलेली. किंमत सांगितली गेली ३०,००० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण एकवीस लाख रुपये. आपल्यापैकी कितीतरी जणांचं अख्खं दुकान यापेक्षा कमी भांडवलात उभं राहिलंय!

भरपाईवरून क्लबशी जमलं नाही. वर्षभराने, ऑक्टोबर २०१९ मध्ये, बाईंनी क्लबवर दावा ठोकला. म्हणणं सरळ होतं: वेटर तुमचा, चूक त्याची, म्हणून भरपाई तुम्ही द्या.

यावर क्लबने काय करावं? क्लबने कोर्टात स्वतःच्याच वेटरवर उलटा दावा लावला. आम्हाला पैसे भरावे लागले तर ते या वेटरकडून वसूल करून द्या, असा. बाईंच्या वकिलांनी तर सांगितलं होतं की त्यांना वेटरकडून काही नको, क्लबकडून हवंय. पण मालक आपल्याच माणसाच्या मागे लागला, आणि बातमी जगभर गेली. मेंबर लोकांचा क्लब, आणि टिपवर जगणाऱ्या वेटरकडे ३०,००० डॉलर मागतोय! वाइनचा डाग एका पर्सवर पडला होता. या दाव्याने तो क्लबच्या नावावर पडला.

या एका केसमध्ये आपले तीनही प्रश्न आहेत. मालक का अडकतो? किती अडकतो? आणि नोकराकडून वसूल करता येतं का? आता हे आपल्या देशातल्या कायद्यात बसवून बघू.

मालक का अडकतो?

नोकराने काम करता करता निष्काळजीपणा केला आणि तिसऱ्याचं नुकसान झालं, तर जबाबदारी मालकावरही येते. वकील लोक याला 'व्हायकेरियस लायबिलिटी' म्हणतात. इंग्लंड, अमेरिका, भारत, तिन्हीकडे तत्त्व हेच आहे.

"मी तर तेव्हा दुकानात नव्हतो" हे उत्तर चालत नाही. मुलाला तुम्ही निवडलं, काम तुम्ही शिकवलं, त्याच्या कामातून नफा तुम्ही घेता. मग त्या कामातून झालेलं नुकसानही तुमच्या वहीत येणार.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा.

पहिली, प्रत्येक अपघात म्हणजे निष्काळजीपणा नाही. वेटर ट्रे नीट घेऊन चाललाय, आणि गिऱ्हाइकाने मागे न बघता खुर्ची सरकवली, तर चूक कोणाची हा वाद होऊ शकतो. पर्स चालायच्या वाटेत जमिनीवर ठेवली असेल, तर गिऱ्हाइकाचाही थोडा दोष धरून भरपाई कमी होऊ शकते. म्हणून घटना नेमकी कशी घडली याची नोंद फार महत्त्वाची.

दुसरी, "मला काय माहीत पर्स एवढी महाग आहे?" हा बचाव कमकुवत आहे. ग्लास सांडला तर शेजारची वस्तू खराब होणार, हे कुणालाही कळतं. ती वस्तू पाचशेची निघाली की पाच लाखांची, हा ज्याच्या हातून सांडलं त्याच्या नशिबाचा भाग. फक्त किंमत सिद्ध करायचं काम गिऱ्हाइकाचं असतं. बिल, पर्सची अवस्था, किती वर्षं वापरली, हे सगळं त्यात येतं. तीन वर्षं वापरलेल्या पर्सला कोरी किंमत मिळेलच असं नाही.

पर्स कोणाच्या ताब्यात होती?

इथे बहुतेक जण गोंधळतात. दोन परिस्थिती वेगळ्या करा.

एक: पर्स गिऱ्हाइकाजवळच होती, खुर्चीवर, मांडीवर, टेबलावर. तुमच्या माणसाने त्यावर चहा, वाइन, हेअर कलर, नेलपॉलिश रिमूव्हर काहीतरी सांडलं. इथे त्याचा निष्काळजीपणा गिऱ्हाइकाला दाखवावा लागतो.

दोन: पर्स गिऱ्हाइकाने तुमच्या ताब्यात दिली. टोकन घेऊन काउंटरवर जमा केली, साफ करायला दिली, चेन किंवा पट्टा दुरुस्तीला दिला. आता भारतीय करार कायदा, १८७२ मधलं 'बेलमेंट' लागू होतं. सोप्या भाषेत, वस्तू त्यांची, काही काळ ताबा तुमचा. कलम १५१ सांगतं की साधारण शहाणा माणूस स्वतःच्या तशाच आणि तेवढ्याच किमतीच्या वस्तूची जशी काळजी घेईल, तेवढी तुम्ही घ्यायची. तेवढी घेतली असेल, तर वेगळा करार नसताना कलम १५२ तुम्हाला वाचवतं. पण काळजी घेतली होती हे दाखवायची पाळी तुमच्यावर येते.

"तेवढ्याच किमतीच्या" हे शब्द पुन्हा वाचा. कापडी पिशव्यांच्या ढिगात दोन लाखांची लेदरची पर्स टाकून "आम्ही सगळ्यांचं सामान असंच ठेवतो" म्हणता येणार नाही. ज्यांना बॅग-स्पा, शूज क्लीनिंग, ड्रायक्लीनिंग, लेदर रिपेअर सुरू करायचंय, त्यांच्या धंद्याचा पाया हे कलम आहे.

भिंतीवरची पाटी तुम्हाला वाचवते का?

आपण सगळ्यांनी ती पाटी लावलेली असते. माझ्याही दुकानात होती. तिचा खरा उपयोग किती, हे दोन भारतीय निकालांवरून बघा.

पहिला दिल्लीचा. १९९८ साली एक पाहुणा रात्री ताज महाल हॉटेलात गेला आणि मारुती झेन गाडी हॉटेलच्या माणसाकडे पार्किंगला दिली. बाहेर आला तर गाडी गायब! पार्किंगच्या टोकनवर छापलं होतं की गाडी तुमच्या जबाबदारीवर. विमा कंपनीने गाडीमालकाला २,८०,००० रुपये दिले आणि मग हॉटेलकडे भरपाई मागितली. प्रकरण थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये निकाल लागला. कोर्ट म्हणालं, ताबा घेतलात ना? मग वस्तू नीट परत द्यायची जबाबदारी तुमची. स्वतःच्या किंवा स्वतःच्या नोकरांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी टोकनवरच्या ओळीने झटकता येत नाही. हॉटेल हरलं.

दुसरा निकाल जुना, १९६० च्या दशकातला, मद्रास हायकोर्टाचा. कायद्याच्या पुस्तकांत 'लिली व्हाइट' खटला म्हणून तो शिकवतात. लिली व्हाइट ही लाँड्री. एका गिऱ्हाइकाने २२० रुपयांची नवी साडी ड्रायक्लीनला दिली आणि ती हरवली. पावतीच्या मागे छापलं होतं की हरवल्यास फक्त निम्मी किंमत मिळेल. कोर्टाने ही अट मानलीच नाही. अशी अट चालू दिली, तर लाँड्रीवाल्याने नवीन कपडा स्वतःकडेच ठेवायचा आणि निम्मे पैसे देऊन मोकळं व्हायचं, असा धंदा होईल. गिऱ्हाइकाला पूर्ण किंमत मिळाली.

दोनशे वीस रुपयांची साडी असो की लाखोंची गाडी, तर्क तोच. पाटी काढून टाका असं मी म्हणत नाही. लोक सावध राहतात, एवढा तिचा उपयोग आहेच. पण पाटी लावली म्हणजे निवांत झोपायचं, हे डोक्यातून काढा.

गिऱ्हाईक जाईल कुठे?

"एवढ्याशासाठी कोण कोर्टात जातंय" हा गैरसमज आता महागात पडतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ही 'सेवेतली त्रुटी' धरून तक्रार करता येते. गिऱ्हाइकासाठी हा रस्ता किती सोपा आहे बघा:

• जिल्हा आयोगात ५० लाखांपर्यंतची प्रकरणं जातात, आणि ही मर्यादा मोजतात सेवेसाठी दिलेल्या पैशांवर. जेवणाचं बिल तीन हजार असेल, तर पर्स वीस लाखांची असली तरी तक्रार जिल्ह्यातच होते.
• दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला फी नाही.
• वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइन करता येते, आणि गिऱ्हाईक जिथे राहतं किंवा काम करतं तिथेही करता येते. तुमचं दुकान कोल्हापुरात आणि ती बाई नागपूरची असेल, तर तारखा नागपूरला!
• तक्रारीसाठी मुदत दोन वर्षं.

आणि तुमच्यासाठी? नोटीस मिळाली की ३० दिवसांत लेखी उत्तर. आयोगाने मुभा दिली तर आणखी १५ दिवस. पुढे एक दिवसही मिळत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये पक्कं केलंय. नोटीस ड्रॉवरमध्ये टाकून विसरलात, तर तुमची बाजू ऐकलीच जाणार नाही.

मुलाच्या पगारातून कापायचं का?

आता माझी चूक.

दुकान सुरू करून दुसरी दिवाळी होती. गर्दी इतकी की पाय ठेवायला जागा नाही. चहा फिरवणाऱ्या मुलाचा धक्का लागला आणि एका ताईंच्या क्रीम रंगाच्या पर्सवर कप उपडा झाला. पर्स साडेसहा हजारांची. ताई संतापल्या, मी घाबरले. सगळ्यांसमोर त्या मुलाला झापलं आणि म्हणाले, "याच्या पगारातून कापते!" ताईंना पैसे दिले, आणि खरंच दर महिन्याला त्याचे हजार रुपये कापायला लागले. त्याचा पगार होता अकरा हजार.

तिसऱ्या महिन्यात तो आलाच नाही. जाताना काही बोललाही नाही. जो मुलगा सकाळी माझ्या आधी येऊन शटरसमोर उभा असायचा, तो असा गेला. त्याच्या जागी आलेल्या माणसाला शिकवण्यात, स्टॉकमधल्या चुकांत माझे साडेसहा हजारांच्या कितीतरी वर गेले. आणि आज मागे बघते तर ट्रे भरून उकळता चहा त्या गर्दीत फिरवायला मीच सांगितलं होतं. चूक त्याच्या हाताची, पण व्यवस्था माझी होती.

पुढे कायदा वाचला तेव्हा कळलं की मी कापलेले पैसे नियमातही बसत नव्हते. आधी १९३६ चा पगारासंबंधीचा कायदा होता, आता २०१९ ची वेतन संहिता आहे. नुकसानीपोटी पगार कापण्याबद्दल दोन्हीकडे मुद्दा एकच:

• वस्तू त्या कामगाराकडे सांभाळायला स्पष्टपणे सोपवलेली असली पाहिजे.
• नुकसान थेट त्याच्या हलगर्जीपणामुळे झालेलं असलं पाहिजे.
• कापण्याआधी त्याला आपली बाजू मांडायची संधी दिली पाहिजे.
• नुकसानीपेक्षा जास्त कापता येत नाही.

ताईंच्या खांद्यावरची पर्स मी त्या मुलाकडे सांभाळायला दिली होती का? नाही. त्याचं म्हणणं ऐकलं होतं का? तेही नाही. संतापाच्या भरात, गिऱ्हाइकासमोर केलेली कपात कायद्यात टिकणं अवघड.

"पण कोर्टात जाऊन नोकराकडून वसूल करता येतं ना?" असं कुणी म्हणेल. तत्त्व म्हणून तो रस्ता आहे. इंग्लंडमध्ये १९५७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सने, तसा निकाल दिलाय. एका कंपनीत बाप-लेक दोघे कामाला होते. लेकाने लॉरी मागे घेताना बापालाच धडक दिली. बापाला भरपाई मिळाली, आणि विमा कंपनीने ती कंपनीच्या नावाने लेकाकडून वसूल केली! निकाल कायद्याने बरोबर होता, पण लोकांना इतका खुपला की तिथल्या विमा कंपन्यांनी आपसात ठरवलं, संगनमत किंवा मुद्दाम केलेला प्रकार नसेल, तर असे दावे लावायचे नाहीत.

न्यू जर्सीच्या क्लबने जी वाट धरली, ती इंग्लंडच्या विमा कंपन्यांनी साठ वर्षांपूर्वीच सोडून दिली होती. वसुली होऊ शकते म्हणून करावीच असं नाही. मुद्दाम केलं, दारू पिऊन केलं, चोरी केली, तर गोष्ट वेगळी. साध्या हातचुकीचा खर्च हा धंद्याचा खर्च आहे.

मग आधीच काय करायचं?

१. व्यवस्था सुधारा. कॅफेत खुर्चीजवळ पर्स अडकवायला हुक किंवा बाजूला छोटं स्टूल. सलूनमध्ये कलर लावायच्या आधी पर्स लॉकरमध्ये किंवा कव्हरमध्ये. आमच्याकडे आता चहा ट्रेमध्ये फिरत नाही, बसायच्या कोपऱ्यातच देतो. या सगळ्याला फार तर दोन-तीन हजार लागतात.

२. वस्तू ताब्यात घेत असाल तर चारही बाजूंनी फोटो काढा. आधीचे ओरखडे, डाग पावतीवर लिहा. "अंदाजे किंमत किती?" हे विचारा आणि लिहून सही घ्या. तुमच्या आवाक्याबाहेरची वस्तू असेल, तर नम्रपणे नाही म्हणा. नाही म्हणणं हाही धंदाच आहे.

३. विमा काढा. पब्लिक लायबिलिटी पॉलिसी तिसऱ्याच्या नुकसानीसाठी असते. पण एजंटला एक प्रश्न नक्की विचारा: "गिऱ्हाइकाची वस्तू आमच्या ताब्यात असताना खराब झाली तर?" अनेक पॉलिसींमध्ये ताब्यातल्या वस्तू वगळलेल्या असतात आणि त्यासाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं. उत्तर तोंडी नको, पॉलिसीतली ओळ दाखवायला सांगा.

४. स्टाफला शिकवा की सांडलं तर लपवायचं नाही, लगेच सांगायचं. पगार कापला जाणार अशी भीती असेल तर कोण सांगेल?

आणि सांडलंच तर? पहिली दहा मिनिटं

मालकाने स्वतः पुढे यायचं. "माफ करा, आमच्याकडून झालं, आपण बघू काय करता येईल ते" एवढं मनापासून म्हणायचं. पण "नवीन घेऊन देते" असं रकमेचं वचन लगेच द्यायचं नाही. विमा कंपनीला न कळवता भरपाई कबूल केली, तर क्लेम अडू शकतो.

लेदरवर डाग चोळायचा नाही. कोरड्या पांढऱ्या सुती कापडाने हलकं टिपायचं. मीठ, लिंबू, गरम पाणी असले घरगुती प्रयोग बंद. ते करून पर्स आणखी बिघडली, तर तोही दोष तुमचाच.

गिऱ्हाइकाला विचारून फोटो काढा. वेळ, टेबल, कोण हजर होतं, कसं घडलं हे वहीत लिहा. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग त्याच दिवशी वेगळं काढून ठेवा, कारण जुनं आपोआप पुसलं जातं.

मग पर्सचं बिल मागा. संशय घेतल्यासारखं नको, "आमच्या विम्याला लागतं" असं म्हणा. बाजारात फर्स्ट कॉपी भरपूर आहेत, त्यामुळे मोठी रक्कम असेल तर अस्सल आहे का हे तपासून घेणं गैर नाही. आधी चांगल्या कारागिराकडून किंवा कंपनीकडून दुरुस्ती सुचवा, नाही जमलं तर रकमेची बोलणी. ठरलं की साध्या कागदावर लिहा: इतकी रक्कम, या घटनेपोटी, पूर्ण आणि अंतिम. दोघांच्या सह्या. रक्कम लाखांत असेल, तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा.

आणि त्या मुलाशी बोलणं? ते गिऱ्हाईक गेल्यावर, आतल्या खोलीत. आधी त्याला विचारा, काय झालं.

आजचं होमवर्क

आज रात्री दुकान बंद करताना गिऱ्हाइकाच्या खुर्चीत पाच मिनिटं बसा. आपली पर्स घेऊन बसा. ती कुठे ठेवाल? तिच्यावर कुठून काय सांडू शकतं? ज्या तीन जागा सापडतील, त्या उद्या सकाळी दुरुस्त करा.

ज्यांचं दुकान अजून सुरू व्हायचंय, त्यांनी प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये भाडं, पगार, वीजबिल यांच्याखाली एक ओळ वाढवा: 'हातचुकीची तरतूद'. महिन्याला पाचशे रुपये बाजूला काढले तरी वर्षाला सहा हजार होतात. माझ्याकडे ते तेव्हा असते, तर एक चांगला मुलगा आज माझ्या दुकानात असता.

भेटू पुढच्या व्हिडिओत.